चिविताचं तिकीट कुणासाठी?

२०१३ साली इटलीतल्या बान्योरेजो नगरपालिकेने आपल्याच हद्दीतल्या एका गावात शिरण्यासाठी तिकीट लावलं. दर दीड युरो. गावाचं नाव चिविता दी बान्योरेजो. डोंगरावरचं जुनं गाव. तिथे घरं आहेत, चर्च आहे, चौक आहे आणि चौकातून जाणारा सार्वजनिक रस्ता आहे. त्या रस्त्यावर पाऊल ठेवायचे पैसे. इटलीत तोवर असं कुणी केलं नव्हतं. पुढे दर वाढत वाढत पाच युरोंवर गेला. २०२४ मध्ये व्हेनिसने एका दिवसापुरत्या येणाऱ्या पर्यटकांकडून ठरावीक दिवशी पाच युरो घ्यायला सुरुवात केली, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांत त्यावर वाद रंगला. चिवितात तोच वाद तोवर दहा वर्षं जुना झाला होता.

या वादात माझं मत सरळ आहे. तिकीट घेणं योग्य आहे. माथेरानला दस्तुरीवर कर भरून आत जाणाऱ्या माणसाला त्यात फारसं वावगं वाटणार नाही. प्रश्न त्या पैशाचा आहे. चिवितात बारा महिने राहणारी माणसं आज डझनभरही नाहीत. उन्हाळ्यात सुट्टीपुरती घरं उघडणारे धरले तर आकडा शंभराच्या आसपास जातो. तिकीट लागून इतकी वर्षं झाली तरी ही संख्या हललेली नाही. ज्या गावाच्या नावाने पैसा गोळा होतो, त्या गावात माणसं परत राहायला यावीत यासाठी त्यातला ठरावीक हिस्सा बांधून ठेवलाच पाहिजे, असं मला वाटतं. आणि हे होऊ शकत नाही म्हणणारे ज्या खडकाकडे बोट दाखवतात, तो खडक हे कारण पुरेसं नाही, हेही इथे मांडायचं आहे.

खडकाची गोष्ट आधी समजून घेऊ, कारण सगळी चर्चा तिथेच येऊन थांबते.

रोमच्या उत्तरेला लात्सिओ प्रांतात बोल्सेना नावाचं मोठं सरोवर आहे. हा सगळा मुलूख जुन्या ज्वालामुखींचा. लाखो वर्षांपूर्वी तिथून उसळलेली राख आणि ढिगारा थरांवर थर साचून घट्ट झाला आणि त्याचा टफ नावाचा पिवळसर-तांबूस खडक बनला. खोदायला सोपा, बांधायला हलका. या खडकाच्या खाली मात्र समुद्राच्या तळाशी साचलेली चिकणमाती आहे. वर कडक झाकण आणि खाली मऊ पाया, अशी ही रचना. चिविताच्या दोन्ही अंगांनी रिओ क्यारो आणि रिओ तोर्बिदो हे दोन ओढे वाहतात. ते आणि पाऊस मिळून खालची माती कुरतडत नेतात. उतार तीव्र होत जातो, वरच्या टफचा आधार सुटतो, त्यात उभ्या भेगा पडतात आणि एखाद्या दिवशी कड्याची आख्खी फळी सुटून दरीत जाते. भोवतालची दरी म्हणजे नुसत्या घळी आणि वस्तऱ्याच्या पात्यासारख्या मातीच्या धारा. त्यांच्या मधोमध समुद्रसपाटीपासून साधारण ४४० मीटर उंचीवर हा सुळका आणि त्याच्या माथ्यावर गाव.

एट्रुस्कन, म्हणजे रोमन सत्तेआधी मध्य इटलीत नांदणाऱ्या लोकांनी अडीच हजार वर्षांपूर्वी ही जागा निवडली, ती आंधळेपणाने निवडली नव्हती. तिबर नदीचं खोरं आणि बोल्सेना सरोवर यांना जोडणारी वाट इथून जात होती. वर बसलेल्याला ती वाट दिसे आणि खालून येणाऱ्याला वर चढणं जड जाई. त्यांनी टफमध्ये खोल्या कोरल्या, थडगी कोरली, पाण्याचे हौद कोरले. गावाच्या पोटातून दरीकडे उतरणारा एक बोगदाही आहे. पुढच्या लोकांनी याच पोकळ्या दारूचे तळघर, जनावरांचा गोठा, कबुतरखाना, तेलाचा घाणा म्हणून वापरल्या. एका एट्रुस्कन थडग्यात तर मध्ययुगात तुरुंग होता. गावात शिरायचं मुख्य दार, पोर्ता सांता मारिया, हेसुद्धा खडकात कापलेल्या जुन्या वाटेवर उभं आहे. दाराच्या दोन्ही बाजूंना दगडी सिंह आहेत आणि त्यांच्या पंजांत माणसाची डोकी आहेत. पंधराव्या शतकात बान्योरेजोकरांनी मोनाल्देस्की या जुलमी सरदार घराण्याचा पाडाव केला, त्याची ती खूण, असं सांगतात.

त्या दारातून आत गेलं की उजवीडावीकडे मध्ययुगीन घरं लागतात. दगडी बाह्यजिने, त्यांवर कुंड्या, खाली तळघराची कमान. मग एक भिंत दिसते. प्रबोधनकाळातल्या एका श्रीमंत वाड्याची दर्शनी बाजू, सुबक खिडक्यांची. खिडक्यांकडे पाहावं तर पलीकडे थेट आकाश. वाड्याची दर्शनी भिंत तेवढी उरली आहे, मागच्या खोल्या कधीच कड्यासोबत दरीत गेल्या. चिविताचं सगळ्यात जास्त छायाचित्रण बहुधा दुरून पुलासकट होतं. पण हे गाव समजून घ्यायचं असेल तर या खिडक्यांसमोर उभं राहावं. कारण हे अवशेष शत्रूने पाडलेले नाहीत, आगीने जळलेले नाहीत. जमीनच निघून गेली आणि भिंत मागे राहिली.

संत बोनाव्हेंतुरा याच गावचा. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे जन्मला, फ्रान्सिस्कन पंथाचा प्रमुख झाला, कार्डिनल झाला, १२७४ साली लियोंमध्ये वारला. मध्ययुगीन युरोपच्या मोठ्या विचारवंतांत त्याची गणना होते. त्याचं जन्मघर? तेही दरीत गेलं.

एवढं वाचल्यावर कुणीही म्हणेल की अशा जागी माणसं राहिली नाहीत यात आश्चर्य ते काय! निसर्गापुढे कुणाचं काय चालतं! हाच युक्तिवाद गेली तीनशे वर्षं चालू आहे, आणि मला तो मान्य नाही.

जून १६९५ मध्ये मोठा भूकंप झाला. चिवितात घरं पडली, कडे ढासळले, शेजारच्या उपनगराशी जोडणारा खडकाचा कणा खचला. लोकांनी प्रचंड सोसलं यात शंका नाही. पण भूकंपानंतर काय झालं, ते बघण्यासारखं आहे. बिशपने आपलं ठाणं पलीकडच्या रोता या वस्तीत हलवलं. कारभार पाहणारे अधिकारी तिकडे गेले. काही वर्षांतच चिवितातल्या सान दोनातो चर्चचा कॅथेड्रल, म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, हा दर्जा गेला. कागदपत्रं, न्यायनिवाडा, बाजार, सण सगळं तिकडे. रोता म्हणजेच आजचं बान्योरेजो. ज्यांना जायला पैसे होते ते आधी गेले, ज्यांना नव्हते ते मागे राहिले, आणि मग त्यांची मुलं गेली.

बिशपचा निर्णय त्या वेळी शहाणपणाचाच असेल. चाळीस-पन्नास वर्षांनी पुन्हा धक्का बसेल या भीतीत कुणी कॅथेड्रल चालवावं, असा आग्रह मी धरणार नाही. माझं म्हणणं एवढंच, की तो एक निर्णय होता. खडक दरवर्षी थोडाथोडा झिजतो. संस्था मात्र एका सहीने हलतात, आणि त्या हलल्या की गावाची गरज संपते. भूकंपाने चिविताला जखमी केलं. कारभार निघून गेल्यावर तिथे राहण्याचं कारण संपलं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांची गल्लत केली की पुढची प्रत्येक हेळसांड निसर्गाच्या खात्यावर टाकता येते.

हे नुसतं तर्काने म्हणत नाही. वीसेक किलोमीटरवर ओर्विएतो आहे. त्याच ज्वालामुखींचा टफ, खाली तशीच चिकणमाती, तशीच कड्याची झीज. ओर्विएतो अर्थातच मोठं शहर, जगप्रसिद्ध कॅथेड्रलचं. पण खडकाला शहराच्या कीर्तीशी काही देणंघेणं नसतं. १९७०च्या दशकात तिथेही कडे ढासळू लागले. शोध घेतल्यावर कळलं की दोष फक्त पावसाचा आणि ओढ्यांचा नाही. शहराच्या जुन्या पाणीवाहिन्या आणि गटारं गळत होती, ते पाणी टफच्या भेगांतून खाली मातीत मुरत होतं, आणि माती फुगून, सैल होऊन सरकत होती. मग १९७८ साली इटलीच्या संसदेने ओर्विएतोचा कडा आणि तोदी या दुसऱ्या डोंगरी गावाची टेकडी वाचवण्यासाठी खास कायदा केला. पुढे १९८७ मध्ये आणखी तरतूद झाली. गटारं आणि पाण्याच्या वाहिन्या नव्याने टाकल्या, कड्याला आतून पोलादी सळयांनी सांधलं, पावसाचं पाणी वळवलं.

मला याहून महत्त्वाचं वाटतं ते त्यांनी सोबत जे केलं ते. रेल्वे स्टेशन खाली, शहर वर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाण्याच्या वजनावर चालणारी एक केबलरेल्वे तिथे होती, ती १९७० साली बंद पडली होती. ती नव्या यंत्रणेवर १९९० मध्ये पुन्हा सुरू केली. दुसऱ्या अंगाला खाली वाहनतळ केला आणि तिथून खडकाच्या आतून वर नेणारे सरकते जिने बसवले. म्हणजे वर राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला भाजीची पिशवी घेऊन चढाव चढावा लागू नये आणि मोटारींच्या धक्क्यांनी खडकही हादरू नये, या दोन्ही गोष्टींचा एकत्र विचार झाला. कडा वाचवणं आणि वर राहणं सोयीचं करणं हे तिथे एकच काम मानलं गेलं. आज ओर्विएतोच्या माथ्यावर हजारो माणसं राहतात, शाळा आहेत, आठवड्याचा बाजार भरतो.

ओर्विएतोकरांना ही दृष्टी जुनीच. सोळाव्या शतकात पोप सातवा क्लेमेंट रोमच्या लुटीतून निसटून तिथे आश्रयाला आला आणि वेढा पडलाच तर पाणी हवं म्हणून त्याने टफमध्ये प्रचंड विहीर खोदायला घेतली. अंतोनियो दा सांगाल्लो या वास्तुकाराने तिला दोन वेगळे गोल जिने दिले, प्रत्येकी २४८ पायऱ्यांचे, एकमेकांभोवती फिरणारे पण कुठेही न मिळणारे. पाणी आणायला उतरणारं खेचर आणि पाणी घेऊन चढणारं खेचर समोरासमोर येऊन अडू नयेत म्हणून. आज लोक ती विहीर शिल्प म्हणून पाहतात. मला तिच्यात रोजच्या जगण्याचा बारीक विचार दिसतो. डोंगरावरचं गाव टिकतं ते अशा विचाराने.

चिवितात असं कुणी केलं नाही. गावाला बान्योरेजोशी जोडणारा पूल १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवला. त्यानंतर दोन दशकं लोक मोडक्यातोडक्या वाटेने, गाढवं घेऊन ये-जा करत राहिले. १९६५ साली साधारण तीनशे मीटर लांबीचा काँक्रीटचा पादचारी पूल झाला, तोवर बरीचशी घरं बंद झाली होती. आजही मालवाहतूक होते ती स्कूटरवर किंवा अरुंद छोट्या गाडीवर. गॅसचं सिलिंडर, सिमेंटची पोती, शवपेटी, सगळं त्याच पुलावरून.

याच काळात बान्योरेजोचाच लेखक बोनाव्हेंतुरा तेक्की याने चिविताला मरणारं गाव म्हटलं. तो तिथल्या मातीतला माणूस. त्याच्या शब्दांत शोक होता, कुणीतरी जागं व्हावं ही तळमळ होती. पुढे ते शब्द पाट्यांवर, माहितीपत्रकांवर, सहलीच्या जाहिरातींवर गेले. आता लाखो लोक हे गाव मरायच्या आत पाहून यावं म्हणून येतात. २०१०च्या आसपास वर्षाला चाळीसेक हजार पर्यटक येत, २०१७पर्यंत तो आकडा आठ लाखांच्या वर गेला. म्हणजे तिकिटाने गर्दी कमी केली नाहीच. तिकीट लावणारं गाव म्हणून बातम्या झाल्या आणि गर्दी वाढली. जी गोष्ट विकून पैसा येतो ती गोष्ट बदलावी असं सहसा कुणाला वाटत नाही. मरण हीच ओळख झालेल्या गावात माणसं राहायला यावीत यासाठी धडपड कोण करणार? हा धोका मला खडकाच्या झिजेपेक्षा मोठा वाटतो.

पैशाचा अंदाज घेऊ. आठ लाख माणसं गुणिले पाच युरो म्हणजे चाळीस लाख युरो. सगळ्यांनी पूर्ण तिकीट काढलं असं धरून केलेला हा कागदावरचा कमाल हिशोब आहे, प्रत्यक्ष उत्पन्न वर्षागणिक वेगळं. तरी संपूर्ण बान्योरेजोची लोकसंख्या साडेतीन हजारांच्या आसपास आहे हे लक्षात घ्या. दरडोई हजार युरोंच्या वर जाण्याची ताकद या तिकिटात आहे. इटलीतल्या डोंगरगावांना असं स्वतःचं उत्पन्न स्वप्नातही दिसत नाही. सिसिलीत आणि इतरत्र अनेक नगरपालिका पडकी घरं एका युरोला देऊ करतात, ती हौस म्हणून देत नाहीत. करायला दुसरं काही हाती नाही म्हणून देतात.

बान्योरेजोने या पैशातून काय केलं? मुख्य म्हणजे आपल्या नागरिकांवरचे स्थानिक कर रद्द केले. पर्यटनामुळे खाणावळी, दुकानं, मुक्कामाच्या खोल्या निघाल्या आणि बेकारी जवळपास नाहीशी झाली. याला मी कमी लेखत नाही. दक्षिण युरोपात गावोगावची तरुण मुलं मिलानला नाहीतर जर्मनीला निघून जात असताना एखाद्या छोट्या गावाने आपल्या मुलांना घरी रोजगार दिला, ही मोठी कमाई आहे. करमाफीवर टीका करताना बान्योरेजोतल्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेच्या घरखर्चात पडलेला फरक डोळ्यांसमोर ठेवायला हवा.

तरीही मला ही वाटणी चुकीची वाटते. करमाफी हा पैसा प्रत्येकाच्या खिशात थोडा थोडा पोचवते आणि तिथे तो संपतो. पुढच्या वर्षी पर्यटक घटले की करमाफी डळमळते. साथीच्या काळात, २०२० मध्ये, इटलीतलं पर्यटन महिनोन्महिने ठप्प होतं, तेव्हा तिकिटावर जगणं किती नाजूक आहे हे सगळ्यांना दिसलं. याउलट चिवितात दुरुस्त करून दिलेली दहा घरं आणि त्यांत राहणारी दहा कुटुंबं पर्यटक आले नाहीत तरी तिथेच राहतील. पैसा चालू असताना तो टिकाऊ गोष्टीत घालायचा असतो. आणि चिवितासाठी माणसाइतकं टिकाऊ काही नाही.

हे भावनेच्या भरात म्हणत नाही. टफवरच्या गावात राहता माणूस हा देखभालीचा पहिला दुवा असतो. पाण्याची नळी कुठे ठिबकतेय हे राहणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कळतं. रोममधून ऑगस्टात येणाऱ्या घरमालकाला ते आठ महिन्यांनी कळतं आणि तोवर ते पाणी भेगेतून खाली मुरलेलं असतं. ओर्विएतोचा धडा हाच होता. पन्हळीत अडकलेला पाला, छपराचं निसटलेलं कौल, तळघराच्या भिंतीत नव्याने आलेली रेघ, हे सगळं कुणाच्या तरी रोजच्या नजरेत असावं लागतं. चिवितात भूस्खलनाचं संग्रहालय आहे, त्यात या कड्याच्या अभ्यासाची उत्तम मांडणी आहे, शास्त्रज्ञांनी उपकरणं लावून मोजमापं केली आहेत. त्या सगळ्याला पूरक म्हणून तिथे जाग हवी.

सणांचंही तसंच. सान दोनातोमध्ये पंधराव्या शतकातला लाकडी क्रूस आहे, त्यावर ख्रिस्ताची हुबेहूब मूर्ती. १४९९च्या प्लेगात तो एका भाविक स्त्रीशी बोलला अशी आख्यायिका. दर गुड फ्रायडेला तो बान्योरेजोत मिरवणुकीसाठी नेतात आणि त्याच रात्री परत आणतात. मध्यरात्रीच्या आत तो चिवितात परतला नाही तर कायमचा बान्योरेजोचा होईल, अशी समजूत आहे. उन्हाळ्यात चौकात गाढवांची शर्यत लागते. या दोन्ही गोष्टी अजून चालतात, कारण चिवितातून उठून गेलेल्या घराण्यांची मुलंनातवंडं पलीकडून येऊन त्या चालवतात. आणखी दोन पिढ्यांनी त्यांना चिविता हे आजोबांचं गाव वाटेल की शेजारचं पर्यटनस्थळ? क्रूस खांद्यावर घेणारे मिळाले नाहीत तर पगारी माणसं लावून मिरवणूक काढता येईल. ती मिरवणूक मग पर्यटकांसाठीचा देखावा असेल.

विरोधात तीन मुद्दे हमखास येतात. त्यांतला पहिला: सार्वजनिक रस्त्यावर चालायला पैसे घेणं मुळातच अन्याय आहे, गाव सगळ्यांचं असतं. तत्त्व म्हणून मला हे पटतं, पण गाव सगळ्यांचं म्हणताना त्याचा खर्च कुणाचा, हे सांगावं लागतं. साडेतीन हजारांच्या नगरपालिकेने आठ लाखांच्या पायांखालचा पूल, गटारं, कचरा आणि वर कडा सांभाळावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. ज्या गोष्टीसाठी पैसे घेतले ती गोष्ट त्यातून जपली गेली, तर पाच युरो जास्त नाहीत. म्हणूनच पैसा कुठे जातो या प्रश्नावर तिकिटाचं नैतिक बळ अवलंबून आहे. चिविताच्या नावाने घेतलेले पैसे चिवितात माणसं ठेवायला लागले नाहीत, तर मग तत्त्ववाद्यांचा आक्षेप खरा ठरतो.

दुसरा: तिथे राहायला कुणी येणारच नाही. मोटार नाही, दवाखाना नाही, हिवाळ्यात धुकं आणि वारा. याला उत्तर आहे. आस्त्रा झारिना ही रीगामध्ये जन्मलेली अमेरिकन वास्तुकार. १९६०च्या दशकात, गाव जवळपास ओस पडलेलं असताना, तिने इथे पडकी घरं घेतली, नवऱ्यासोबत स्वतःच्या देखरेखीखाली ती दुरुस्त केली आणि राहू लागली. १९७६पासून वॉशिंग्टन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना ती चिवितात आणत असे. ते गावात राहात, घरांची मोजमापं घेत, भिंतींची चित्रं काढत आणि शेजारपाजारच्या म्हाताऱ्यांकडून शेती, द्राक्षं, स्वयंपाक शिकत. २००८ साली ती वारली. तिच्या मागोमाग अनेकांनी घरं घेतली. म्हणजे चिवितात घर हवं असणारे लोक आहेत, भरपूर आहेत. पण ज्यांना परवडतं त्यांना ते सुट्टीसाठी हवं असतं, आणि ज्यांना बारा महिने राहायचं आहे, गवंडी, स्वयंपाकी, शिक्षक, बागकाम करणारा, त्यांना ते परवडत नाही. अडचण इच्छेची नाही, किमतीची आहे. आणि किंमत ही तिकिटाच्या पैशाने सोडवता येण्याजोगी गोष्ट आहे.

तिसरा मुद्दा सगळ्यात वजनदार: खासगी मालमत्ता. घरमालकाने पर्यटकाला खोली द्यायची की भाडेकरूला घर, हे नगरपालिकेने का ठरवावं? व्हेनिसकडे बघावं. १९५१ मध्ये मूळ बेटांवर पावणेदोन लाख माणसं राहत होती, आज पन्नास हजारही नाहीत आणि पर्यटकांच्या खाटा रहिवाशांपेक्षा जास्त झाल्या आहेत. तिथे कुणीही बेकायदा काही केलं नाही. प्रत्येकाने आपापल्या घराचा आपल्याला फायद्याचा वापर केला आणि शहर हातातून गेलं. दक्षिण इटलीतल्या मातेरा शहराचं उदाहरण उलट दिशेचं. तिथल्या गुहाघरांतल्या पंधरा हजारांच्या आसपास माणसांना १९५२च्या कायद्याने सरकारने नव्या वसाहतींत हलवलं, रोगराई आणि दारिद्र्यातून सोडवण्यासाठी. रिकामी गुहाघरं ढासळू लागली. १९८६ साली तीच घरं दुरुस्त करून पुन्हा वसवायचा कायदा सरकारलाच करावा लागला. १९९३ मध्ये युनेस्कोची मोहोर लागली, २०१९मध्ये मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी झाली. तिथेही आता हॉटेलांची दाटी आहे, पण राहणारी घरं आहेत, आणि ती आपोआप आलेली नाहीत. सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक अटी यांतून आली. ज्या कड्यावर सार्वजनिक पैसा खर्च होतो त्या कड्यावरच्या घराच्या वापराबद्दल लोकांनी काही अटी घालणं, यात मला मालकावर जुलूम दिसत नाही.

मग करायचं काय? तिकिटाच्या उत्पन्नाचा एक तृतीयांश भाग वेगळ्या खात्यात, ठराव करून, दर वर्षी नव्याने हात पसरावे न लागता. त्यातून नगरपालिकेने चिवितातली बंद घरं विकत किंवा दीर्घ मुदतीच्या करारावर घ्यावीत, आधी त्यांची गटारं, पन्हळी आणि तळघरं नीट करावीत, आणि वीस-वीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने अशा कुटुंबांना द्यावीत जी वर्षभर तिथेच राहतील. भाडं त्यांच्या उत्पन्नाप्रमाणे. पलीकडच्या बान्योरेजोतल्या तरुण जोडप्यांना, ज्यांचे पणजोबा त्या पुलावरून आले, त्यांना पहिली संधी. पर्यटकांच्या खोल्यांची संख्या आज आहे तिथे गोठवावी. दिवसभरात किती माणसं आत सोडायची याला मर्यादा हवी, कारण चौकात दाराबाहेर सतत हजारो अनोळखी पावलं वाजत असतील तर भाडं कितीही कमी केलं तरी मूल वाढवायला तिथे कुणी येणार नाही. पुलावरून म्हाताऱ्यांना आणि सामानाला नेणारी छोटी विजेची गाडी ठरलेल्या वेळांना सुरू करावी. आठवड्यातून दोनदा डॉक्टर. आणि या खात्याचे निर्णय घेणाऱ्या समितीत चिवितात राहणाऱ्यांना मत असावं, नुसतं निमंत्रण नको.

यातून पाच-दहा वर्षांत पन्नास माणसं वाढली तरी तो चिवितासाठी तीनशे वर्षांतला पहिला उलटा प्रवाह ठरेल. कडा झिजत राहील, त्याला कुणी थांबवू शकत नाही. त्याचा वेग कमी करणं मात्र शक्य आहे, हे ओर्विएतोने दाखवलं आहे. त्यासाठी लागणारा पैसा आज चिविताच्याच दारात रोज जमा होतो. युनेस्कोच्या वारसायादीत चिविताचं नाव घालण्याची धडपड चालू आहे, आणि ते नाव लागलं तर गर्दी आणखी वाढेल, घरांच्या किमती आणखी चढतील. त्यामुळे हा ठराव व्हायचा तर त्याआधी व्हायला हवा, नंतर घरं विकत घेणं नगरपालिकेच्या आवाक्यात राहणार नाही.